शोकाकुल: मेघा, जर्मनी

देवगाव रंगारीतून कोण कोण कुठवर गेलं ते गावात कुणालाही विचारा. पुण्याला गेलेले ढीगभर. सुरतेला दोघं. एक जण दुबईला गेला होता, तो ऊन सोसंना म्हणून तीन महिन्यांत माघारी आला. पण जर्मनीला गेली ती एकच, साहेबराव गवंड्याची मेघा. आणि ती काय कुणाच्या वशिल्यानं गेली नाय. बाप वारलेला, घरात पैसा बेताचा. बारावी झाल्यावर शहरात भावाकडं आली, दिवसा एका डॉक्टराच्या दारात नंबर पुकारायची आणि संध्याकाळी जर्मन भाषेच्या क्लासला जायची. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली. घरी आली, जेवली, भांडी घासली, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक पहिल्या पानापासून उघडून बसली. दुसऱ्यांदा पास. चोवीस वर्षांची पोरगी मुंबईला एकटी जाऊन व्हिसावाल्या सायबाशी त्याच्याच भाषेत बोलून आली. अशी पोरगी अख्ख्या कन्नड तालुक्यात दाखवा.

तिचा थोरला भाऊ आकाश हे सांगायला बसला की ऐकणाऱ्याचा चहा थंड व्हायचा. आकाशचं शहरातल्या औरंगपुऱ्यात फ्लेक्सचं दुकान. दहावीला दोनदा आपटला, पण कॉम्प्युटरवर हात असा बसलेला की भले भले पुढारी त्याच्याकडंच यायचे. वाढदिवस असो, निवड असो, श्रद्धांजली असो, फोटोतला माणूस कसाही असू द्या, आकाशच्या फ्लेक्सवर तो राजबिंडाच निघणार. मेघा गेली तेव्हा त्यानं गावच्या फाट्यावर बारा बाय दहाचा फ्लेक्स ठोकला होता. 'जर्मनीला रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. मेघाच्या मागं विमान आणि विमानाच्या मागं बर्फाचे डोंगर.

लोक विचारायचे, तिकडं काम काय करती? आकाश म्हणायचा, "एका मोठ्या फॅमिलीचं सगळं मॅनेजमेंट तिच्याकडं हाये."

अगदीच खोटं नव्हतं ते. मेघा तिथं ओ-पेअर होती. म्हणजे परक्या घरात घरच्यासारखं राहायचं, त्यांची दोन लेकरं सांभाळायची, भरवायची, शाळेत न्यायची-आणायची. बदल्यात राहणं, जेवण, थोडा हातखर्च, आणि भाषा पक्की व्हायची ती वेगळीच. त्यांची माय कडूबाई मात्र फिरवून बोलायची नाय. तिनं स्वतः बावीस वर्षं देवगावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून गावाची नाकं पुसली होती. आता ती शहरात आकाशकडंच राहायची.

"मॅनेजमेंट कशाचं रं?" ती आकाशला म्हणायची. "लेकरं धुती ती. मी इथं धुतली, ती तिथं धुती. त्यात लाजायचं काय?"

"लाजतंय कोण, माय? मी फक्त जरा मोठ्या अक्षरात सांगतो."

"तुझं समदंच मोठ्या अक्षरात."

कडूबाईचा एकच हट्ट होता, आणि तोबी तिनं कधी हट्ट म्हणून सांगितला नाय. तिला समुद्र पाहायचा होता. एका सहा डिसेंबरला ती गावच्या बायांबरोबर दादरला चैत्यभूमीवर गेली होती. अकरा तास रांगेत उभी राहिली, दर्शन झालं. समुद्र तिथंच, मागच्या अंगाला. पण गाडीची वेळ झाली, बाया एकमेकींचे पदर धरून माघारी वळल्या, आणि कडूबाई समुद्राकडं पाठ करून स्टेशनावर आली. "गर्दीत नुसता आवाज आला गं," ती मेघाला सांगायची. "कुणीतरी गोणपाट झटकावं तसा."

म्हणून सात महिन्यांनी मेघाला पहिल्यांदा शनिवार-रविवार सुट्टी मिळाली, तेव्हा तिनं रोस्टॉक नावाचं समुद्रकाठचं शहर धरलं. फोनवर मायला कबूल करून टाकलं, "व्हिडिओवर दाखवते. तुझ्याबरोबरच बघते मीबी."

"त्यांच्या समुद्रात बी मीठच का?" कडूबाईनं विचारलं.

"चाखून सांगते."

त्या सुट्टीच्या आधल्या गुरुवारी संध्याकाळी कडूबाई मेथी निवडत बसली होती. छातीत भरून आल्यासारखं झालं म्हणली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं सगळं. बासष्ट वर्षांची होती.

आकाशची बायको सायली रडता रडता पहिलं वाक्य बोलली ते हे, "आधी मेघाताईला फोन लावा."

आकाशनं फोन हातात घेतला, नंबर काढला आणि फोन परत खिशात टाकला. आज सांगितलं तर पोरगी रडत विमानतळावर पळणार. तिकीट मिळालं तरी पोचेस्तोवर शनिवार उलटणार. मयत तेवढं कोण थांबवणार? आणि तिकडं ती एकटी, पाठीवर हात फिरवायला आपलं माणूस नाय.

"सोमवारी सांगू," तो म्हणला. "दोन दिवस फिरून तर येऊ दे. सात महिन्यांनी सुट्टी मिळालीय पोरीला."

"निदान व्हिडिओवर मायचं तोंड तरी दाखवा. आजकाल सगळेच दाखवतात."

"आणि ती तिथं चक्कर येऊन पडली तर? उचलणार कोण?"

"ती पडणारी पोरगी नाय. तुम्हीच सांगता ना अख्ख्या औरंगपुऱ्याला."

आकाश चिडला. "मी थोरला हाये. मी ठरवलंय."

सायलीनं डोळे पुसले. "माय एकट्या थोरल्याची नसती, अहो," ती म्हणली आणि आत गेली.

शुक्रवारी सकाळी अग्नी दिला. दारात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आकाशनं हात जोडून बजावलं, मेघाला कळता कामा नये, सोमवारपर्यंत कुणी फोन करायचा नाय. सगळ्यांनी माना हलवल्या. थोरल्याचा शब्द.

अंघोळ करून तो दुकानात जाऊन बसला. घरात हातांना काम नव्हतं. त्यानं आजवर पाच-सहाशे लोकांच्या श्रद्धांजलीचे फ्लेक्स काढले होते. त्यातले निम्मे लोक मायच्या पायाच्या धुळीच्याबी लायकीचे नव्हते. मग मायचा फ्लेक्स कसा पाहिजे? पंधरा बाय दहा. चांगला फोटो एकच सापडला, मुंबईच्या विमानतळावरचा. मेघाला सोडायला गेलेली कडूबाई निळ्या साडीत खळखळून हसतीय आणि मेघा तिला चिकटून उभी. आकाशनं मेघाला कापून बाजूला केलं. मायच्या खांद्यावर तिची चार बोटं राहिली, ती साडीचा रंग घेऊन अलगद पुसली. मागं निळं आभाळ टाकलं, खाली पांढरी कमळं. जलदान विधी रविवारी सकाळी अकरा वाजता, राहत्या घरी.

मग नावं. शोकाकुल: आकाश, सायली, मामा, मावश्या, भाचे, भाच्या, मित्रमंडळ. मेघाच्या नावापाशी बोट थांबलं. नाव नाय टाकलं तर लोक म्हणणार, पोटची लेक विसरला का? आणि टाकलं तर नुसतं 'मेघा' कसं टाकणार? अशा हजार मेघा असतील. बोटांनी सवयीनं नावापुढं कंस काढून 'जर्मनी' टाकलं. सवयीनंच ते लाल केलं, एक माप मोठं केलं. काळ्या अक्षरांच्या रांगेत ते एकच नाव लांबून वाचता येत होतं.

संध्याकाळी फ्लेक्स गल्लीच्या तोंडावर चढला. सायली बघून घरात आली.

"अहो, मेघाताईचं नाव?"

"टाकावंच लागतं. जमाना काय म्हणल?"

"कुणी फोटो काढून टाकला तर?"

"सगळ्यांना सांगितलंय मी. कुणाची हिंमत नाय."

शनिवारी दुपारी चारला मेघाचा फोन आला. घरात पांढऱ्या साड्यांतल्या बाया भिंतीला टेकून बसलेल्या. आकाश फोन घेऊन गच्चीवर पळाला आणि पाण्याच्या टाकीआड उभा राहिला.

"दादा, हे बघ, हे बघ!" मेघानं फोन फिरवला. लाल विटांची उंच उंच घरं, मधून धावणारी ट्राम, फरसबंद चौक. "इथं एका चर्चमधी पाचशे वर्षांचं घड्याळ हाय. बरोब्बर बाराला त्यातनं बाहुले निघतात आणि फिरून परत आत जातात. शेवटच्याला दार बंद. तो बाहेरच राहतो बिचारा! आणि ऐक, मी माशाचा पाव घेतला, एक घास खाल्ला, तर एवढा मोठा पांढरा पक्षी आला आणि अख्खा पाव हातातनं घेऊन गेला. लोक हसायला लागले. मी त्याला मराठीत शिव्या दिल्या."

आकाश हसला. हसू कसं आलं त्याचं त्याला कळलं नाय. "राहायला कुठं हाये?"

"आठ पलंगांच्या खोलीत. स्वस्तात. वरचा पलंग मिळालाय. तुझा आवाज का असा रे?"

"सर्दी."

"मायला दे ना."

"झोपलीय."

"या वेळेला?"

"जरा कणकण होती. गोळी दिली, झोप लागली."

"मग उठवू नको. झोपू दे तिला. मी समुद्रावर अजून गेलेच नाय, दादा. इथनं छोट्या गाडीनं वीस मिनिटं लागतात. सगळे तिकडंच चाललेत, मी उलट्या बाजूनं फिरतीय. माय जागी असली की मगच बघणार. तुमचे अकरा वाजले की लावते उद्या, चालल ना?"

"अकराला नको. दुपारी लाव."

"दुपारी माझी परतीची गाडी हाय. अकरालाच. तिला म्हणावं, नवी साडी नेसून बस, समुद्रबी तिला पाहणार हाये."

फोन ठेवल्यावर आकाश टाकीला टेकून खाली बसला. सायली कपडे वाळत घालायचं निमित्त करून वर आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आत्ताच लावा परत," ती म्हणली. "आत्ता सांगा. पोरगी समुद्र राखून ठेवतीय तिच्यासाठी."

"उद्या सकाळी सांगतो. विधीच्या आधी."

"खरंच सांगाल?"

"सांगतो म्हणलो ना."

रविवारी सकाळपासून पाहुणे यायला लागले. दारात मंडप, मायच्या फोटोला हार, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या. भंतेजी साडेदहाला आले. आकाशनं तीनदा फोन काढला. एकदा सतरंजी कमी पडली, एकदा मामा आले, एकदा नुसताच काढला आणि ठेवला.

पावणेअकराला फोन आपणच वाजला. व्हिडिओ नव्हता, साधा फोन होता.

"दादा."

"मेघा, ऐक, मला तुला..."

"मोनिकाचा मेसेज आलाय."

मोनिका तिची जर्मनच्या क्लासमधली मैत्रीण. पाहुणी नाय, सोयरी नाय, तिला कुणी बजावलं नव्हतं. गल्लीवरून जाताना तिनं फ्लेक्स पाहिला, फोटो काढला आणि मेघाला पाठवला. खाली लिहिलं, 'कळलं गं. लई वाईट वाटलं. स्वतःला सांभाळ.'

आकाश मंडपाच्या कडेला गेला. पाठीमागं बायांची कुजबुज. फोनमधून गाडीची दारं उघडल्या-मिटल्याचा आवाज, पक्ष्यांचा कलकलाट.

"लई भारी केलंयस फ्लेक्स," मेघा म्हणली. तिचा आवाज रडका नव्हता. तेच भयानक होतं. "मायचा फोटो लई चांगला निघालाय. माझी बोटं पुसलीस का रे खांद्यावरची?"

"मेघे..."

"शोकाकुलमधी माझं नाव हाय. लाल. गल्लीतली पोरंसोरं वाचून गेली. दोन दिवस अख्ख्या शहराला म्हाईत हाय की मला दुःख झालंय. मला सोडून."

"तुला त्रास नको म्हणून केलं गं. तू एकटी होतीस."

"काल मी काय म्हणले? उठवू नको म्हणले. झोपू दे तिला, असं मीच म्हणले, दादा! आणि तू ऐकून घेतलंस."

आकाशनं फोन कानाशी घट्ट धरला. समोर भंतेजी आसनावर बसले होते आणि सगळं घर त्याच्याकडं बघत होतं.

"विधी झाला का?"

"नाय. आता बसायचंय."

"वहिनीला फोन दे."

सायलीनं फोन घेतला. ती नुसती "व्हय, व्हय ताई" म्हणत राहिली, मग भंतेजींजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलली. भंतेजींनी मान हलवली. "थांबू या," ते म्हणले. "लेक स्थिर बसू दे. घाई कशाची?"

मेघा त्या समुद्राच्या स्टेशनावर उतरली होती. तिथून समुद्र दहा मिनिटं पायी. ती तिथल्याच बाकड्यावर बसली.

जलदानाची रीत अशी, की गेलेल्याची जवळची माणसं मिळून तांब्यानं वाटीत पाणी ओततात. ज्याचा हात तांब्याला पुरत नाय तो पुढच्याच्या खांद्याला हात लावतो, त्याच्या मागचा त्याला, असं सगळं घर एका धारेला जोडलेलं असतं. आकाशनं तांब्या धरला. सायलीनं एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातात फोन धरला. तिच्या मागं मामा, मामाच्या मागं मावश्या.

त्रिसरण सुरू झालं. सगळ्यांच्या आवाजात फोनमधला बारीक आवाज मिसळला, बुद्धं सरणं गच्छामि. मधेच तिथल्या स्टेशनावर बाई जर्मन भाषेत काहीतरी पुकारायला लागली, गाडीची घोषणा असावी. तेवढ्या वेळात मेघाचा आवाज दबला, पण थांबला नाय. घोषणा संपली तेव्हा ती धम्मं सरणंवर होती, सगळ्यांच्या बरोबर. आकाशच्या हातातली धार वाकडी झाली. वाटी भरली, काठावरून पाणी ताटात सांडलं, ताटबी भरत आलं. भंतेजी गाथा म्हणत राहिले आणि तो ओतत राहिला, तांब्या रिकामा होईपर्यंत.

पंगती बसल्या तेव्हा आकाशनं फोन परत घेतला. मेघा अजून लाईनवर होती.

"आता जा," तो म्हणला. "इतक्या जवळ आलीस, पाहून तरी ये. मायच्या नावानं. आणि मलाबी दाखव."

मागं पक्षी ओरडत होते.

"तू मला मायचं तोंड दाखवलंस का?" मेघानं विचारलं.

"नाय."

"मग तुला समुद्र कसा दाखवू?"

आणि फोन बंद झाला.

आकाशनं तो फ्लेक्स त्याच संध्याकाळी स्वतः शिडी लावून उतरवला. कुणीतरी खालून म्हणलं, राहू दे की आठ दिवस, चांगला दिसतोय. तो दोरीच्या गाठी सोडत राहिला. मेघा सोमवारी सकाळी कामावर होती. एक दिवसाचीबी रजा काढली नाय तिनं. दर रविवारी ती सायलीला फोन करती, तास-तास बोलती. मायची अंगणवाडीतली लेकरं मोठी होऊन भेटायला आली होती का, मेथी कुणी निवडली, शेवटचं ती काय बोलली, हे ती परत परत विचारती आणि सायली परत परत सांगती. दादाला फोन देऊ का म्हणलं की ती म्हणती, पुढच्या वेळी.

दुकानात गिऱ्हाईक आजबी विचारतं, बहिणीनं काय काय पाहिलं तिकडं? आधीचा आकाश असता तर त्यानं समुद्रातल्या बोटी मोजून सांगितल्या असत्या. आता तो मापं विचारतो, किती बाय किती पाहिजे, कापडी का साधा.

दिवाळीच्या थोडं आधी एका रविवारी सायली अंघोळीला गेली होती म्हणून फोन त्यानं उचलला. मेघानं ठेवला नाय. इकडची थंडी, तिकडची थंडी, दुकान कसं चाललंय, एवढं झालं. दोघं लई दिवसांनी बोलत होते आणि जपून बोलत होते. मग आकाशनं धीर केला.

"मेघा, त्या दिवशी पाहिलास का गं समुद्र?"

तिकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून, घराच्या आतल्या खोलीतून, एक लेकरू रडल्याचं ऐकू आलं.

"धाकटी उठली, दादा," मेघा म्हणली. "ठेवते."